सुरतेतच होतो

ललितने आणलेला कागद योगेंद्रने आधी उभ्याउभ्या वाचला, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचला. त्यात वाचण्यासारखं फारसं काही नव्हतं. नाव, वय, बारावी पास, सुरतेच्या उधन्यातल्या लूमच्या कारखान्यात फोल्डिंग खात्यात कामाला. अक्षर शाळकरी, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. अशा बायोडाटाची कीव करायला योगेंद्रला मनापासून आवडायचं. चाळीतली निम्मी पोरं आपापले बायोडाटा त्याच्याकडून इंग्रजी करून न्यायची आणि तो दर वेळी चष्मा पुसत ‘बरं, बघू’ म्हणायचा. पण या कागदावर शेवटी आणखी एक ओळ होती आणि ती वाचताना त्याच्या बरगडीत कुणीतरी बोट खुपसल्यासारखं झालं. सप्टेंबर चौऱ्याण्णवच्या प्लेगात सुरतेतच होतो. एवढंच. पुढे ना फुशारकी, ना खुलासा. हे कशाला लिहिलंस, असं त्याने शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. ललित दाराबाहेर चपला काढून उंबऱ्याशी टेकला होता. तो म्हणाला, “वहिनी म्हनी, हाई बी लिख. आपन आठेच व्हतूत ना, म्हनी. म्हनीसन लिखं.”

वहिनी म्हणजे योगेंद्रची बायको, वर्षा. ती आत मोरीपाशी भांडी घासत होती आणि तिला हे ऐकू गेलं असणार, कारण चाळीच्या त्या खोलीत न ऐकू जाण्याइतकी जागाच नव्हती. भांड्यांचा आवाज थांबला नाही. आपण इथेच होतो ना, असं ती म्हणाली होती. ओळीपेक्षा योगेंद्रला तो ‘आपन’ जास्त लागला. आपण, म्हणजे ललित आणि वर्षा. लग्नाला चार वर्षं होत आली, पण वर्षाने त्याच्याशी बोलताना ‘आपण’ म्हटल्याचं त्याला आठवेना. ती ‘तुम्ही’ म्हणायची आणि ‘मी’ म्हणायची. शिवाय तो स्वतः कॉलेजात गेल्यापासून अहिराणी बोलायचा बंद झाला होता. घरातसुद्धा तो छापील मराठी बोलायचा आणि त्याच्याशी बोलताना वर्षाही कशीबशी तशीच बोलायची. ललित आला की मात्र तिची जीभ मोकळी सुटायची. तेवढा वेळ आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत असं योगेंद्रला वाटायचं आणि त्याचा राग यायचा. पण राग काढायचा कुणावर? ललितवर रागावणं अवघड होतं, हीच तर खरी पंचाईत होती. तो उंच, सावळा, जरा वाकून चालणारा. कुणाचा गॅसचा बाटला वर चढवायचा असला की न सांगता पुढे होणारा. खुबा मोडल्यापासून त्याची आई मंगलाबाई खाटेवर होती, आणि रात्रपाळीला जाताना तो तिला शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून जायचा. लग्न जमत नव्हतं ते त्यामुळेच. अशा माणसाचा हेवा करणं म्हणजे स्वतःच्याच नजरेत पडणं, आणि योगेंद्र रोज थोडा थोडा पडत होता.

भेस्तानला यार्नचं नवं युनिट निघत होतं आणि तिथल्या ऑफिसात एक माणूस हवा होता. एकच. दिवसाची पाळी, टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. आलेला माल, गेलेला माल लिहायचा. गुरुवारी बायोडाटा घेऊन या, असा तिथल्या शेठचा निरोप होता. ललितला ही नोकरी आईसाठी हवी होती, रात्री घरी राहता येईल म्हणून. हे त्याने सरळ सांगून टाकलं होतं. आणि योगेंद्रही तिथेच अर्ज करतो आहे हे माहीत असून तो आपला बायोडाटा योगेंद्रकडूनच इंग्रजी करून घ्यायला आला होता. गुरुवारी सोबतच जाऊ, रिक्षा एकच लागेल, असंही वर म्हणाला. याला भोळेपणा म्हणावं की आपल्याला त्याने हिशेबातच धरलेलं नाही, हे योगेंद्रला ठरवता येईना. दुसरी शक्यता त्याला जास्त खरी वाटली, कारण ती जास्त बोचत होती.

त्याला स्वतःला ही नोकरी का हवी होती, ते मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. तो कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये डिस्पॅचच्या टेबलावर होता. प्लेगनंतर गावाहून परतला तेव्हा त्या टेबलावर दुसराच माणूस बसलेला. त्याला फाटकाजवळच्या लाकडी केबिनमध्ये चलनं लिहायला पाठवलं गेलं, तिथे टेम्पोवाले खिडकीतून हात घालून त्याचंच पेन उचलून सही करायचे. पहिल्या दिवशी मुनीमजींनी त्याला बघून ‘आवो भागेडु’ म्हणत हात जोडले होते. भागेडु म्हणजे पळपुटा. उशिरा परतलेल्या सगळ्यांनाच ते तसं म्हणत होते आणि सगळे हसून घालवत होते. कोण पळालं नव्हतं त्या दिवसांत? डॉक्टर पळाले, दुकानदार पळाले, अर्धी सुरत तोंडाला रुमाल बांधून पळाली. पण योगेंद्र हसला नाही. न हसणाऱ्यालाच लोक पुन्हा पुन्हा चिडवतात. आता संक्रांतीची उतराण होऊन गेली, तारांवर अडकलेला मांजासुद्धा विटत आला, तरी फाटकावर ‘भागेडुभाई’ ही हाक चालूच होती.

त्याचा स्वतःचा बायोडाटा तीन पानांचा होता. त्यात बी.कॉम. होतं, टायपिंगची परीक्षा होती, शाळेतलं वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस होतं, श्रमदानाचं शिबिर होतं, आवडीनिवडीही होत्या. मेन रोडवर टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या शोभाबाईंनी तो बघितला आणि नाकावरून घसरलेल्या चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं. बाई विदर्भाकडच्या, बोलायला मोकळ्या. अख्ख्या उधन्याचे अर्ज त्यांच्या बोटांखालून गेलेले. त्या म्हणाल्या, “एवढं कोण वाचन हो? शेठ लोक च्या पिता पिता वाचतेत. कप खाली ठेवला का माणूस ध्यानात राह्यला पाहिजे. एक पान करा, अन् त्याच्यात एकच गोष्ट अशी टाका का ती दुसऱ्या कोनाची नसन.” योगेंद्र घरी येऊन तीन पानांपुढे बसला. एक एक ओळ खोडत गेला आणि दर ओळीला त्याला कळत गेलं, की ही गोष्ट दुसऱ्या कुणाचीही असू शकते. वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस गावोगावी दरसाल कुणी ना कुणी पटकावतच असतं. बी.कॉम.वाले तर सुरतेत पोत्याने. अशी त्याची आठवडाभर खोडाखोड चालली होती, आणि आज हा बारावी पास माणूस चुरगळलेल्या कागदावर ती एकच गोष्ट सहज लिहून घेऊन आला होता. ती इतकी साधी होती, की चहाचा कप खाली ठेवल्यावरच काय, शेठ जेवून झोपला तरी ती त्याच्या ध्यानात राहिली असती.

ललित गेल्यावर योगेंद्र खिडकीशी बसला. बाहेर लूमचा खडखडाट चालला होता. उधन्यात तो कधी थांबत नसे, माणसं त्याच्यावरून बोलायची, त्याच्यावरच झोपायची. त्या खडखडाटात त्याला स्टेशन आठवलं. आठवलं म्हणजे, ते गेलंच कुठे होतं. गणपती बुडवून आले आणि दोन दिवसांत गल्लीतली माणसं मेल्याच्या बातम्या यायला लागल्या. खऱ्या किती, खोट्या किती, कुणाला ठाऊक. प्लेगवरच्या कॅप्सूल मिळेनात. भुसावळकडे जाणारी गाडी उधन्यालाही थांबायची, पण उधन्याला तिच्यात शिरायला मिळणार नाही म्हणून सगळे शहाणे लोक उलटे सुरतेला जाऊन ती धरत होते. गर्दीच्या दिवसांत सगळे खानदेशी तसंच करायचे, सणाला, लग्नसराईला. योगेंद्र आणि वर्षाही तसेच गेले. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने वर्षाचा हात धरला होता. हात धरूनच तो डब्याच्या दारात चढला, आणि मग तो हात त्याच्या हातात नव्हता. सुटला की सोडला, या प्रश्नाकडे तो कधी गेला नाही. त्याच्या जवळून वळसा घालून जायचा. तिचा निळा रुमाल त्याला खाली डोक्यांमध्ये दिसला. तिने तोंडावर बांधला होता, म्हणून ती काय म्हणाली ते कळलं नाही. गाडी हलली. इथपर्यंत सगळं जगाला सांगण्यासारखं होतं आणि त्याने सांगितलंही होतं. न सांगितलेलं पुढे होतं. गाडी उधन्याला थांबली. घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या त्या फलाटावर ती चांगली थांबली, लोक टपावर चढेपर्यंत थांबली. तो दारातच होता. उतरता आलं असतं. दारातली माणसं शिव्या देत होती, खालून लोंढा वर येत होता, पण उतरायचंच असतं तर त्या लोंढ्यावर पडूनसुद्धा उतरता आलं असतं. त्याने गजाला धरून डोळे मिटून घेतले. गावाकडे त्याने सांगितलं, की गाडी उधन्याला थांबलीच नाही.

गावाने तरी काय केलं त्याचं? सुरतेहून आलेल्या माणसाला वेशीच्या आत घेतलं नाही, खळ्यातल्या झोपडीत ठेवलं. आई दुरून भाकरी ठेवून जायची आणि जाताना एकच विचारायची, सून कोठे शे? तो म्हणायचा, ललितची आई आहे ना तिथे, तिच्याकडे आहे ती. मंगलाबाईला हलवता येत नव्हतं, म्हणून ललित गेलेला नाही हे त्याला माहीत होतं, आणि स्टेशनवरून परतलेली वर्षा दुसरीकडे जाणार तरी कुठे? म्हणजे पहिल्या रात्रीपासूनच त्याने त्या दोघांना त्या रिकाम्या चाळीत मनाने पाहिलं होतं. आधी बरं वाटलं. चला, एकटी नाही. मग खळ्यात पडल्या पडल्या ते बरं वाटणं हळूहळू नासत गेलं. एकटी नाही, हाच विचार उलटा होऊन त्याच्या उशाशी बसला. तो परत आला तेव्हा वर्षा दारात उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. हात-पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, वाळलात. त्यानंतर त्या दिवसांबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दोघांच्या संसारात तेवढी एक खोली कुलूपबंद राहिली आणि किल्ली ललितकडे आहे, असं योगेंद्रच्या मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ललित रात्रपाळीला निघाला, तेव्हा योगेंद्रने त्याला इंग्रजीत केलेला कागद दिला. नाव, वय, शिक्षण, अनुभव. शेवटची ओळ नव्हती. बायोडाटात असं लिहीत नाहीत, त्याने समजावलं. मेहेरबानी मागितल्यासारखं दिसतं, शेठला वाटेल हा उपकार दाखवतोय. बोलताना त्याचे कान तापले. पण आवाज मास्तरांचा होता आणि आजवर त्या आवाजापुढे चाळीतलं कुणी वाद घालत नव्हतं. ललितने कागद एकदा वरून खाली पाहिला. “तुम्हीन म्हनतस तर ऱ्हाऊ द्या,” म्हणाला आणि घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला. त्याने थोडी जरी कुरकुर केली असती तर योगेंद्रने कदाचित ती ओळ परत घातली असती. पण मागितलेलंसुद्धा नसताना माणूस सगळं देऊन टाकतो, तेव्हा घेणाऱ्याला ते परत करायचीही सोय राहत नाही. त्याच संध्याकाळी योगेंद्रने आपल्या तीन पानांचं एक पान केलं. बी.कॉम. ठेवलं, टायपिंग ठेवलं. खाली मोकळी जागा सोडून लिहिलं, स्टेड इन सुरत, सप्टेंबर १९९४. लिहिल्यावर ते इतकं शोभून दिसलं, की जणू ती जागा त्याच ओळीसाठी रिकामी होती.

पण ओळ लिहून भागणार नव्हतं. शेठ विचारणारच, त्या वेळी सुरतेत ज्याला त्याला हेच विचारत होते. तेव्हा कुठे होतात, काय केलंत, कोण कोण होतं? आणि योगेंद्रला तर काहीच माहीत नव्हतं. चार महिने ज्या दाराकडे पाठ करून तो बसला होता, तेच आता नोकरीसाठी उघडावं लागणार होतं. बुधवारी दुपारी तो फाटकावरून अर्धी सुट्टी टाकून आला. वर्षा साड्यांचे धागे कापत बसली होती. भरतकामाच्या साड्या कारखान्यातून घरोघर यायच्या आणि बायका त्यांच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापून द्यायच्या. जांभळी साडी तिच्या मांडीवर उलटी पसरलेली होती. तो समोर बसला आणि कागदाकडे बघतच म्हणाला, की बायोडाटासाठी जरा विचारायचं होतं, तेव्हा इथे नेमकं काय काय झालं? तिची कात्री थांबली. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि सुरुवातीला त्याच्यासाठी शुद्ध बोलणारी ती बघता बघता आपल्या बोलीवर घसरली. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

पळणाऱ्यांनी आपापल्या घराच्या किल्ल्या ललितच्या हातात कोंबल्या होत्या, ती सांगत होती. दोरीत ओवलेल्या, हाराएवढ्या. घरांत भाज्या सडतील, पिठं उघडी राहतील, उंदीर येतील, म्हणून मंगलाबाई खाटेवरून हुकूम सोडायची आणि ती दोघं रोज संध्याकाळी एकेक घर उघडून आवरायची. कुणाच्या घरात फडक्यात झाकलेली कणीक तशीच, कुणाचा देव तसाच, कुणाच्या पिंजऱ्यात पोपट. त्याला तिने मंगलाबाईच्या खाटेला टांगला, तर तो म्हातारीसारखा खोकायला शिकला. हे सांगताना ती हसली. पावडर मारायला येणाऱ्या सफाईवाल्यांसाठी ती मोठ्या पातेल्यात खिचडी टाकायची. ती आणि मंगलाबाई आत झोपायच्या, ललित बाहेर ओट्यावर. भीती वाटली नाही का, असं त्याने विचारलं. पहिल्या रात्री वाटली, मग नाही. आणि लूम बंद होते सगळे, ती म्हणाली. सगळे म्हणजे सगळे. पहिल्या रात्री त्या शांततेनेच झोप आली नाही. मग कळलं की मागच्या नाल्यात बेडूक ओरडतात. इतकी वर्षं ओरडतच असतील, पण ऐकलं कुणी? “मी ललितले म्हनी, देख रे, हाई आपलं उधना शे.” तिचा चेहरा कात्रीवर वाकलेला होता आणि तरी त्याला तो उजळलेला दिसला. एवढी वर्षं रोज पाहिलेल्या या चेहऱ्यात असा उजेड असतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने शोधलं होतं ते या सांगण्यात कुठेच नव्हतं. एखादा अडखळता शब्द, चुकवलेली नजर, काहीच नाही. लपवण्यासारखं काही झालंच नव्हतं, झालं होतं ते तिने सगळं सांगितलं, आणि ते ऐकून त्याचं काळीज करपलं. काही घडलं असतं तर त्याला तिच्यावर ओरडता आलं असतं, निदान क्षमा करता आली असती. बेडकांबद्दल कुणाला काय क्षमा करणार? खडखडाट थांबलेलं उधना त्या दोघांनी ऐकलं होतं आणि त्याने ऐकलं नव्हतं. आता ते पुन्हा कधी थांबणार नव्हतं. त्याला विचारायचं होतं, माझी आठवण यायची का. त्याऐवजी त्याने विचारलं, मी कसा असेन असं वाटायचं? ती म्हणाली, तुम्ही सुखरूप असाल, हे माहीत होतं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो त्याने आपला आपणच भरून घेतला. मग तिने त्याच्या हातातला कागद घेतला. दहावीपर्यंतच्या इंग्रजीने, बोट फिरवत, ओठ हलवत तिने तो शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. “म्हणजे तुम्हीपण इथंच होतात,” ती म्हणाली. लिहावं लागतं, तो म्हणाला, सगळेच लिहितात. तिने कागद त्याच्या मांडीवर ठेवला आणि साडी पुढे ओढून राहिलेले धागे कापायला घेतले.

गुरुवारी भेस्तानच्या युनिटमध्ये अजून प्लास्टरचा ओला वास होता आणि मशिनं खोक्यांत होती. बाहेरच्या बाकावर पाच-सहा जण होते. ललित रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे तांबारलेले. योगेंद्रला आधी आत बोलावलं. शेठ वयस्क, गबाळा, गोड बोलणारा माणूस होता; खरंच चहा पीत होता. त्याने पान वाचलं, कप खाली ठेवला आणि बोट शेवटच्या ओळीवर टेकवलं. प्लेग वखते अहीं हता? प्लेगच्या वेळी इथेच होता? मग स्वतःच हसून म्हणाला, अमे तो बधा नवसारी जता रह्या हता. आम्ही घरचे सगळे नवसारीला पळालो, मागे एक वॉचमन तेवढा राहिला, म्हणून माल वाचला. तेव्हापासून मी माणूस बघतो, शिक्षण मागाहून. आणि योगेंद्र बोलायला लागला. किल्ल्यांची दोरी सांगितली, सडलेल्या भाज्या, पोपट, खिचडीचं पातेलं. लूम बंद झाले तेव्हा नाल्यातले बेडूक कसे ऐकू आले ते सांगितलं. वक्तृत्वाचं बक्षीस उगाच नव्हतं मिळालेलं. बोलता बोलता त्याला खरंच तो ओटा दिसला, त्यावर बसलेली तीन माणसं दिसली, आणि तिसरा आपण आहोत हे बघून त्याला खरोखरचं सुख झालं. शेठ मान हलवत राहिला. मग सहज म्हणाला, आणखी कोण होतं तुमच्या चाळीत? योगेंद्रच्या तोंडून निघून गेलं, माझी बायको, आणि ललित, तो बाहेर बसलाय.

शेठने बेल दाबली. ललित आत येऊन उभा राहिला तेव्हा योगेंद्रने टेबलाची कड धरली. ललितचा कागद तिथेच होता आणि त्यात ती ओळ नव्हती. शेठने योगेंद्रकडे बोट करून विचारलं, आ भाई प्लेगमां अहीं हता? ललितने योगेंद्रकडे पाहिलं. फार वेळ नाही; दार लोटायचं राहिलं का हे माणूस मागे वळून बघतो तेवढाच. “हा शेठ, हता,” तो म्हणाला. आणि पुढे म्हणाला, “सांजे बधांनां घर ए ज खोलता. चावी एमनी पासे हती.” संध्याकाळी सगळ्यांची घरं हेच उघडायचे, किल्ल्या यांच्याकडेच होत्या. शेठने विचारलं, आणि तू? मीही होतो, ललित म्हणाला. आई आजारी, जाणार कुठे? शेठ हसला. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोघेही राहिलेले, मग एक बी.कॉम. आणि एक बारावी, यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सोमवारपासून या, असं तो योगेंद्रला म्हणाला.

परतीच्या रिक्षात इतर माणसांच्या दाटीत ललितला लगेच झोप लागली. त्याचं डोकं डुलत डुलत योगेंद्रच्या खांद्यावर आलं. मशिनच्या तेलाचा वास. योगेंद्रने खांदा हलवला नाही. आपल्याला कृतज्ञ वाटायला हवं, असं तो स्वतःला बजावत होता आणि छातीत भलतंच काहीतरी चढत होतं. या माणसाने ते दिवस त्याला असे दिले होते, जसा कुणी पंगतीत शेजारच्याला आपला लाडू देतो. आणि द्यायला ते होते त्याच्याचकडे. आता सोमवारपासून शेठच्या लेखी योगेंद्रच घरं उघडणारा, किल्ल्या बाळगणारा; आणि शेठपुढे तो काय खोटं बोलला ते माहीत असलेली दोनच माणसं जगात होती, ती दोघं. म्हणजे पुन्हा ती दोघंच. आधी त्यांच्याकडे नुसत्या त्यांच्या आठवणी होत्या, आता त्याचं गुपितही त्यांच्याकडे होतं. उधन्याला ललित जागा झाला, अवघडून बाजूला सरकला, आणि चाळीपाशी उतरल्यावर ‘बरं झालं भाऊ’ एवढं म्हणून आईला जेवू घालायला घाईने आपल्या खोलीत गेला.

वर्षा कापलेल्या साड्यांचे गठ्ठे बांधत होती. झालं का, तिने विचारलं. झालं, सोमवारपासून. तिने मान हलवली. ललितचं काय झालं हे ती विचारेल म्हणून तो थांबला, पण ती गाठ मारत राहिली. तिने विचारलं नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि ते त्याला सोसवेना. शेवटी त्यानेच सांगितलं, की शेठने ललितला बोलावून विचारलं, आणि ललितने मी इथेच होतो म्हणून सांगितलं. माहीत आहे, ती म्हणाली.

“तुला कोणी सांगितलं? तो तर आत्ता घरात शिरला.”

“मीच सांगं व्हतं त्याले काल. शेठनी इचारं तर हो म्हन.”

लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच जाणूनबुजून त्याच्याशी या बोलीत बोलत होती. तो भिंतीला टेकला. त्याला मंगलाबाईची खाट दिसली, रात्रपाळीचा डबा दिसला, त्या एका नोकरीसाठी पहाटे न झोपता निघालेला माणूस दिसला. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, “आणि त्याने ऐकलं? स्वतःची नोकरी घालवून?”

“ऐकं.”

“का?”

वर्षाने गठ्ठा भिंतीशी सरकवला, हात पदराला पुसले आणि त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, “मी सांगं म्हनीसन.”